जावईबापूंचा ईमेल

गल्लीत त्यांना सगळे एक्स्चेंजकाकू म्हणत. टेलिफोन एक्स्चेंज बंद होऊन जमाना झाला, त्या इमारतीत आता टाइल्सचं गोदाम आहे, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. काकूंनी उभी हयात त्या बोर्डासमोर काढली होती. कानाला हेडफोन, हातात दोरी, एक टोक या भोकात, दुसरं त्या भोकात, की झालं लोकांचं बोलणं सुरू. कुणाचं लग्न मोडणार, कुणाच्या तपासणीचा निकाल वाईट आला, कोण कुणाला चोरून भेटतं, सगळं त्यांच्या कानावरून गेलं. पण या कानाचं त्या कानाला कधी कळलं नाही. त्यांचे यजमान हयात असताना म्हणायचे, "हिच्या पोटात अख्खं शहर आहे, आणि हिला साधी ढेकर येत नाही." अशा बाईच्या हातून हे व्हावं, याला काय म्हणायचं?

हे म्हणजे काय, ते सांगायचं तर जावयापासून सुरुवात करायला हवी. गोगलगाय आणि पोटात पाय, असा तो माणूस. विमा कंपनीत साहेब, बोलणं लोण्यासारखं मऊ. सासूच्या हातातली पिशवी आधी स्वतःकडे घेणार, मग नमस्कार करणार. काकूंच्या लेकीचा हात मोडला तेव्हा ती बाथरूममध्ये घसरली असं त्याने सगळ्यांना सांगितलं, आणि भेटायला आलेल्या बायकांसमोर तिला चमच्याने भरवत बसला. बायका म्हणाल्या, नवरा असावा तर असा. लेक दुसऱ्यांदा 'घसरली' तेव्हा काकूंच्या डोक्यात प्रकाश पडला. पोलिसांत जाऊन झालं. तिथल्या साहेबाने जावयालाच बोलावून घेतलं, दोघांनी मिळून चहा घेतला आणि लेकीला शहाणपणाचे चार शब्द सुनावून घरी पाठवलं. घरी आल्यावर जावई तिला आवाज न चढवता म्हणाला, "पुन्हा घराबाहेर गेलीस तर पोरगा माझ्याकडे राहील, आणि तू कुठेच राहणार नाहीस."

तरीही ती गेली. टिल्लूला शाळेतून आणायला म्हणून निघाली आणि तशीच त्याला घेऊन बसमध्ये बसली. टिल्लू म्हणजे काकूंचा नातू. दूरच्या एका शहरात तिने एक खोली घेतली आणि शिवणकामाच्या कारखान्यात काम धरलं. आईला तिने कडक नियम घालून दिला होता: फोन मी करेन, कुणाच्या तरी फोनवरून, जमेल तेव्हा; तू करायचा नाहीस, आणि यायचं तर नावच काढायचं नाही. पत्ता दिला तोही खोलीचा नाही, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानाचा. "पाठ कर, लिहू नकोस," ती म्हणाली होती. "अगदी जिवावरचं काही झालं तरच."

काकूंनी पत्ता पाठ केला. जावई दर आठवड्याला येऊन डोळ्यांत पाणी आणून विचारायचा, "आई, काही कळलं का हो तिचं?" काकू त्याला चहा द्यायच्या, स्वतःही डोळे पुसायच्या आणि ताकास तूर लागू द्यायच्या नाहीत. मनातून त्यांना स्वतःच्या या गप्प राहण्याचा अभिमानही वाटायचा. एवढी वर्षं ज्या कामाचा पगार घेतला, ते काम आता कुठे खऱ्या अर्थाने उपयोगी पडत होतं.

मग एकदा फोनवर टिल्लू बोलला. "आजी, माझा अंगठा बुटातून बाहेर येतो, आणि एक मुलगा त्याला गोगो म्हणतो."

"म्हणजे?"

"अंगठ्याला नाव ठेवलंय त्याने. गोगो."

पाठीमागून लेक म्हणाली, "काही नको हं आई. चालतंय त्याचं." फोन बंद झाला. काकू हसल्या आणि मग रडल्या. नातवाचा अंगठा बाहेर येतो आणि आजी घरात पंख्याखाली बसते, हे काही त्यांना गिळवेना. जिवावरचं काही झालं तर, असंच ना लेक म्हणाली होती? नातवाचा अंगठा म्हणजे आजीच्या जिवावरचंच की!

यजमान गेल्यानंतर जावयानेच त्यांना नवा फोन आणून दिला होता. शेजारी बसून सगळं शिकवलं, खरेदीचं ॲप घालून दिलं. "तुम्हाला कशाला ईमेलची कटकट, आई? माझाच टाकतो. पासवर्डही मीच लक्षात ठेवतो." तेव्हा काकूंचा ऊर भरून आला होता, पोटचा मुलगा असता तर त्याने तरी आणखी काय केलं असतं, असं त्या शेजारणीला म्हणाल्याही होत्या. तेव्हापासून गुडघ्याच्या पट्ट्यापासून चहाच्या गाळणीपर्यंत सगळं घरबसल्या यायला लागलं. वापरायला लागल्यावर ईमेलचं काही आठवत नाही. कुलूप कुणी बसवलं हे रोज दार उघडताना कोण आठवतं?

तर काकूंनी बूट मागवले. निळे, पट्टीचे, कारण पोराला अजून नाडी बांधता येत नाही. नंबर एक वाढीव. नाव लेकीचं नाही घातलं, नुसतं 'झेरॉक्सवाले' घातलं. एवढी काळजी घेतली बाईंनी! बूट पोहोचल्याचा निरोप आला, तसा त्यांनी तो निरोप पुसला, आणि ॲपमधून पत्ताही काढून टाकला. फोनने विचारलं, नक्की काढायचा? नक्की, म्हणून त्यांनी बोट दाबलं. बोर्डावर काम केलेल्या बाईच्या हिशेबाने तेवढं पुरेसं होतं. दोरी उपसली की दोन्ही भोकं मोकळी, आणि कोण कुणाशी बोललं याचा त्या लाकडी बोर्डावर मागमूस राहत नाही. काकूंनी दोरी उपसली होती. विषय संपला होता.

जावई आला तो ठरलेल्या दिवशी नाही, अधल्यामधल्या दुपारी. येताना फळं आणली होती. चहा झाला, गुडघ्यांची चौकशी झाली. मग कप खाली ठेवत तो म्हणाला, "पोरं किती भराभर वाढतात ना, आई."

"वाढतातच," काकू म्हणाल्या.

"मी धरून चाललो होतो, त्याचा अजून दहाच नंबर असेल. बारा झाला."

काकूंच्या हातात साखरेचा डबा होता. तो त्यांनी पडू दिला नाही; झाकण लावलं, फळीवर ठेवला, पण पाठ त्याच्याकडे करून तिथेच उभ्या राहिल्या. वळल्या असत्या तर चेहऱ्याने घात केला असता.

"कशाचा नंबर, जावईबापू?"

"निळा रंग चांगला निवडलात," तो म्हणाला. "त्याला निळाच आवडतो." उठला, त्यांच्या पाया पडला, आणि दारात चपला घालताना म्हणाला, "मी रागावलो नाहीये हं. उलट बरं वाटलं. माझ्या पोराची काळजी घेणारं कुणीतरी आहे."

तो गेल्यावर काकू स्वतःशीच म्हणाल्या. पुसलं होतं की आपण! निरोप पुसला, पत्ता पुसला. त्यांनी ॲप उघडलं, मदतीचा नंबर शोधला आणि फोन लावला. आधी गाणं वाजलं. मग ध्वनिमुद्रित आवाजाने सांगितलं की सेवेचा दर्जा सुधारण्यासाठी हे संभाषण रेकॉर्ड केलं जाऊ शकतं. शेवटी एक मुलगी बोलली. आवाज दमलेला होता, पण शिकवलेलं गोड बोलणं सुटलेलं नव्हतं.

"मॅडम, पत्ता काढून टाकलाय तुम्ही, बरोबर. पण आधीच्या ऑर्डरमध्ये तो दिसत राहतो. ती माहिती आमच्याकडे राहते."

"कोण बघू शकतं ती?"

"फक्त खातेधारक, मॅडम. तुमची माहिती आमच्याकडे अगदी सुरक्षित आहे."

"अगं, खातेधारक मीच आहे. माझ्याशिवाय दुसरंच कुणीतरी बघतंय."

मुलीने काहीतरी टाइप केलं. नोंदवलेल्या ईमेलचा मालक बघू शकतो, ती म्हणाली, आणि ईमेलची पहिली अक्षरं वाचून दाखवली. ती जावयाच्या नावाची अक्षरं होती. काकूंना ती दुपार आठवली, ते शेजारी बसून शिकवणं आठवलं, आणि स्वतःचीच इतकी चीड आली की कपाळ भिंतीवर आपटावंसं वाटलं.

"काढ तो ईमेल," त्या म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता काढ."

"हो मॅडम, बदलाची विनंती टाकली मी. तुमच्या सुरक्षिततेसाठी त्याच ईमेलवर संमतीचा निरोप गेलाय. तिथून होकार आला की लगेच बदलेल."

काकूंना आधी नीट समजलं नाही. समजलं तेव्हा त्या ओरडल्याच, "अगं बाई, म्हणजे चोरालाच विचारलंस की कुलूप बदलू का म्हणून!"

पलीकडे मुलगी शिकवलेल्या आवाजात नाही, स्वतःच्या आवाजात हळूच म्हणाली, "आजी, मला इथून खरंच काही करता येत नाही." आणि पुन्हा शिकवलेल्या आवाजात विचारलं, "आणखी काही मदत करू शकते का?"

म्हणजे आपल्याला कळलंय, हेही आता जावयाला कळलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी पिशवी भरली आणि लेकीच्या शहराची बस धरली. लेकीला सावध करायला हवं, हे खरंच होतं. पण अगदी खरं बोलायचं तर भीतीच्या आडून एक हावही होती. टिल्लूला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं, मांडीवर घ्यायचं होतं, तो गोगो की कोण तो अंगठा हातात धरायचा होता. नियम मोडायला इतकं भक्कम कारण पुन्हा मिळालं नसतं.

बस शहराबाहेर पडली. खिडकीपाशी काकू मनात वाक्यं जुळवत होत्या. लेकीला सांगायचं कसं, कुठून सुरुवात करायची. दोन मोठे थांबे गेले असतील, आणि पर्समधला फोन गुरगुरला. ॲपचा निरोप होता. काकू आता ज्या भागातून जात होत्या त्या भागाचं नाव त्यात होतं, बरोबर, स्पेलिंगसकट. 'नव्या ठिकाणी आहात का? पत्ता बदला आणि आजच घरपोच मिळवा!' खाली एक हसरी पिवळी गाडी.

काकूंनी खिडकीबाहेर पाहिलं. रस्त्याकडेच्या पाटीवर तेच नाव होतं.

एवढं आयुष्य बोर्डासमोर गेलं होतं ते फुकट नव्हतं. उशिरा का होईना, डोकं चाललं. फोनला ठाऊक आहे मी कुठे आहे. फोन त्याने दिलाय, त्याच्याच ईमेलवर चालतो. जे फोनला ठाऊक, ते त्याला ठाऊक. आणि मग कालच्या दुपारचाही उलगडा झाला. तो आलाच कशाला होता? बुटांचं त्याने सांगितलंच का? ज्याला घर माहीत असतं तो सासूकडे चहा प्यायला येत नाही. त्याला दुकान सापडलं होतं, खोली सापडली नव्हती. त्याने सासूला घाबरवलं, कारण घाबरलेली आई लेकीकडेच धावते. आणि ही शहाणी बाई पर्समध्ये त्याचा डोळा घालून निघालीसुद्धा!

फोन वाजला. जावईच होता.

"आई, एवढ्या उन्हाचं कुठे निघालात?"

"नणंदेकडे," काकू म्हणाल्या. नणंद खरोखरच त्या वाटेवर राहत होती, एवढी तरी दैवाची मेहेरबानी. "बरं नाही तिला. राहीन म्हणते आजचा दिवस."

"अरेरे. जपून जा. पोहोचलात की कळवा," तो म्हणाला, आणि जरा थांबून हसला. "नाहीतरी कळेलच म्हणा."

पुढच्या थांब्यावर काकू उतरल्या. फोन बंद केला, तरी समाधान झालं नाही म्हणून पिशवीत टॉवेलमध्ये गुंडाळून तळाशी दाबला. थांब्यावर एक चहाची टपरी होती, मागे एक जाडजूड बाई स्टोव्हशी भांडत होती. काकूंनी तिला विनवलं, दुकानाचं नाव आणि रस्ता सांगितला, आणि तिने ओल्या बोटांनी नंबर शोधून फोन त्यांच्या हातात दिला.

झेरॉक्सवाले म्हातारे गृहस्थ होते. "बूट ना? अहो, परवाच बुटांच्या कंपनीचा माणूस येऊन गेला. नंबर चुकलाय, बदलून द्यायचेत म्हणाला. रंग, नंबर, ऑर्डरची तारीख, सगळं अचूक सांगितलं हो त्याने. फार सभ्य माणूस."

"तुम्ही काय सांगितलंत?" काकूंनी विचारलं.

"मी कशाला सांगतोय! म्हटलं, ठेवून जा इथे, नेतील त्या. तर म्हणाला, हातातच द्यावे लागतात." म्हातारे अडखळले. "एवढंच म्हणालो बहुतेक, की मुलगा इथल्याच शाळेत जातो, येता-जाता दिसतो. का हो? काही चुकलं का?"

काकूंनी डोळे मिटले. "तिला बोलवा," त्या म्हणाल्या. "असेल तशी बोलवा. आईचा फोन आहे म्हणून सांगा."

कारखाना त्याच बोळात होता. बराच वेळ फोनमधून नुसता मशीनचा घरघराट येत राहिला. मग धापा टाकत लेकीचा आवाज आला. "आई? काय झालं? तू बरी आहेस ना?"

"मी धडधाकट आहे. ऐक, आणि मध्ये बोलू नकोस," काकू म्हणाल्या, आणि सगळं सांगितलं. बूट, ईमेल, परवाचा सभ्य माणूस, शाळा. रडल्या नाहीत. इतकी वर्षं वाईट बातम्यांचे फोन जोडून दिले होते, तोच सपाट आवाज त्यांनी लावला.

"त्याने दिलेल्या फोनवरून मागवलेस?" लेकीने विचारलं.

"हो."

"मी काही नको म्हटलं होतं, आई."

"हो गं."

तिने शिव्या दिल्या असत्या, ओरडली असती, तर काकूंना बरं वाटलं असतं. ती ओरडली नाही. पुटपुटत स्वतःशीच बोलायला लागली: कपडे, शाळेचा दाखला राहू दे, पोराची औषधं, मागच्या दाराने जाता येईल. एकदा घर सोडलेल्या बाईला ते दुसऱ्यांदा जमतं, हेच त्यातलं वाईट. टिल्लू शाळेतून येऊन कारखान्यात बसला होता, एवढं मात्र नशीब.

"कुठे जाशील?" काकूंच्या तोंडून निघून गेलं, आणि लगेच त्यांनी स्वतःच वाक्य आवरलं. "नको. मला सांगू नकोस."

"सांगणार नव्हतेच, आई," लेक म्हणाली. त्यात राग नव्हता. दार लावून घ्यावं तसं ती सरळ बोलली होती.

"मी नवा फोन घेते. नंबर बदलते. मग तू..."

"बघू."

"बघू म्हणजे कधी?"

"बघू म्हणजे बघू, आई. काय सांगू मी तुला आता?" तिचा आवाज तेवढ्यात एकदाच फाटला. काकूंनी 'जप बाळ' म्हणायला तोंड उघडलं, पण फोनच्या जवळ दुसरा आवाज आला, पातळ, खुशीतला.

"कोण आहे? आजी आहे? मला दे ना!"

लेकीने फोनवर हात ठेवला असावा, पण नीट ठेवला गेला नसावा, कारण तिचं बोलणं स्पष्ट ऐकू आलं.

"नाही रे राजा. राँग नंबर आहे."

आणि फोन बंद झाला.

"लागला का हो?" टपरीवालीने विचारलं. काकूंनी मान हलवली, फोनवर लागलेला घाम हाताने पुसला आणि तो परत दिला. तिने पुढे केलेला चहा त्यांनी घेतला नाही. त्या थांब्यावर परत आल्या, नणंदेच्या गावाला जाणाऱ्या बसची वाट बघायला, आणि टॉवेल सोडून फोन पुन्हा सुरू केला. आज जावयाला त्या दिसत राहायला हव्या होत्या. जेवढा वेळ तो त्यांच्याकडे बघत बसेल, तेवढा वेळ त्या दोघांना मिळणार होता. बस आली तशा त्या चढल्या आणि फोन मांडीवर उघडा ठेवून बसल्या.